चौथा हात

१

माझा धंदा कानाचा. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी साउंडच्या खात्यात मदतनीस होतो. नट बोलत असताना ज्याला नट दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात, असा माणूस. शूटिंग बहुतेक रात्रपाळीचं असायचं, कारण दिवसा बाहेरचा गोंगाट आत शिरायचा. त्यामुळे जग कामाला लागलं की मी झोपायला घरी यायचो, आणि माझ्या झोपेचा नि जगाचा कायमचा उभा दावा होता. माझी बायको शुभा म्हणायची, तुमच्यासारखा तापट माणूस झोपेतसुद्धा भांडतो. त्यात खोटं काही नव्हतं.

पंचावन्न साली आम्ही स्टेशनच्या पूर्वेला, शेतांच्या कडेला असलेल्या एका लहान गावठाणात राहायला गेलो. कॉन्सेप्टाबाई नावाच्या विधवेच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. गाव जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचं, मराठी बोलणारं. भाताची शेती आणि घरटी एखादी नोकरी यावर त्यांचं चालायचं. कडेला चार-दोन घरं हिंदूंची होती. मधोमध दगडी कुरूस, म्हणजे क्रूस, मागे सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, छोटं देऊळ, आणि देवळासमोर गावच्या पुढाऱ्याचं, बॅप्टिस्टचं, मोठं अंगण. बॅप्टिस्टचा शब्द गावात शेवटचा. पाद्री रविवारपुरते यायचे. शुभाला दिवस गेले होते, आणि गावातल्या बायका येता-जाता तिच्या हातावर काहीबाही खायला ठेवायच्या. आम्हाला वाटलं, अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

एप्रिल सरत आला तशा अंगणाअंगणांत चटया पडल्या आणि मिरच्या वाळू लागल्या. वर्षाचा मसाला इथे बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात. दारूबंदीच्या दिवसांत एवढ्या बाटल्या येतात कुठून, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. कांडायला माहुलकडच्या तीन बायका यायच्या आणि हंगामभर बॅप्टिस्टच्या पडवीत राहायच्या. वयाने मोठी अंजनाबाई, तिच्या हाताखाली मंजुळा आणि रत्नप्रभा. एका उखळाभोवती तिघी उभ्या राहायच्या, उंच मुसळं एकामागून एक खाली यायची, आणि प्रत्येक घावाला छातीतून हं असा श्वास सुटायचा.

पहिलं उखळ कॉन्सेप्टाबाईंकडे लागलं. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. गावची रीत होती, मसाला कुणाचाही असो, प्रत्येकाने त्यावर एक घाव घालायचा. त्याला ते हात लावणं म्हणायचे.

"या, हात लावा," कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या. "हाताबिगर मसाला बांधत नाय."

मी मुसळ उचललं, एक घाव घातला, मिरचीची धूळ नाकात गेली आणि शिंकत सुटलो. सगळे हसले. मग शुभा पुढे झाली. तिला सातवा लागला होता. अंजनाबाई तिच्याकडे एकटक पाहत बारीकशी मान हलवत होती, नको अशी. पोटुशी बाई आहे म्हणून काळजी करतेय, असं मला वाटलं. शुभाने हसत हसत घाव घातला.

कॉन्सेप्टाबाईंनी डोळे मिटून घेतले. "दोन जिवांचा हात लागला," त्या म्हणाल्या. "आता हलकं व्हईल."

बाळंतपण हलकं होईल असा तो आशीर्वाद समजून शुभा त्यांच्या पाया पडली.

२

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला जाग आली. खिडकीबाहेर कांडप चाललं होतं. त्यात नवल नव्हतं. एक शिवी घालावी आणि कूस बदलावी, एवढंच. पण कान धंद्याचे पडले. एक, दोन, तीन. मग जरा उशिरा, चौथा.

पहिले तीन घाव कोरडे होते, लाकूड मिरचीवर पडावं तसे. चौथा खालून यायचा. चपटा आणि ओला. त्याच्याबरोबर श्वास नव्हता.

मी खिडकी उघडली. अंगणात तिघीच होत्या आणि मुसळंही तीनच. मी त्यांचे हात पाहत उभा राहिलो. अंजनाबाई, मंजुळा, रत्नप्रभा. मग तिन्ही मुसळं क्षणभर वरच थांबायची, त्या थांबलेल्या वेळात तो आवाज यायचा, आणि पुन्हा अंजनाबाईचं मुसळ खाली यायचं. कुणासाठी तरी जागा सोडावी, तशा त्या थांबत होत्या.

मी स्वतःला समजावलं. समोर देवळाची भिंत आहे, घुमत असेल. पण घुमणाऱ्या आवाजाला आवडनिवड नसते. तो तिन्ही घावांचा यायला हवा, तिसऱ्यानंतरच का यावा? मग म्हटलं, पलीकडे कुणी धुणं आपटत असेल. सदरा चढवून गावाला एक फेरी मारली. कुणी धुणं धूत नव्हतं. उन्हात सगळी दारं लोटलेली होती. तो आवाज मात्र तेवढ्याच अंतरावरून येत होता. देवळाकडे गेलो तरी वाढला नाही, शेताकडे गेलो तरी कमी झाला नाही. आवाज असा वागत नाही. दुसरं काही नाही तरी एवढं मला कळतं.

परत येताना कॉन्सेप्टाबाईंच्या ओटीवर भिंतीला टेकवलेलं आणखी एक मुसळ दिसलं. त्याच्या टोकाचं लोखंडी कडं फडक्याने घट्ट गुंडाळलेलं होतं. मी हात पुढे केला तोच बाई आतून आल्या. मी विचारलं, मुसळं चार आणि बायका तीनच कशा? त्या मुसळाच्या आड येऊन उभ्या राहिल्या.

"सिनेमावाल्यांचे कान लवकर खराब व्हतात," त्या म्हणाल्या.

मी कानांबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो.

३

शुभाला विचारलं तर तिला तीनच घाव ऐकू येत होते. वर तिने बजावलं की बायकोच्या सातव्या महिन्यात नवऱ्याने असली सोंगं आणू नयेत. मी गप्प बसलो. पण कान गप्प बसेनात.

विहिरीपाशी पोरं एका कुत्र्याला काठ्यांनी मारत होती. पोरं दंगा करतात, ओरडतात. ही ओरडत नव्हती. तिघं पाठोपाठ मारायची, काठ्या वर धरून थांबायची, मग पुन्हा तिघं. कुत्रं केव्हाच मेलं होतं, त्याचं डोकं आता डोकं राहिलं नव्हतं. मी धावत जाऊन एकाच्या हातातली काठी हिसकावली. त्याने माझ्याकडे अगदी शहाण्या मुलासारखं पाहिलं.

"अंकल, हात लावता?" त्याने विचारलं.

काठी माझ्या हातातून गळून पडली. मी घरी आलो आणि साबणाने हात धुतले, का ते मलाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात शेजारचा मार्कस त्याच्या बायकोला मारताना मी ऐकलं. आमच्या नि त्यांच्या घरात एकच भिंत होती. मार्कस रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता आणि रविवारी देवळात फिडल वाजवायचा. इतका मऊ माणूस की कोंबडी कापायची वेळ आली की परसात निघून जायचा. मी भिंतीला कान लावला. तीन घाव. मग शांतता. मग चौथा.

मी सरळ त्यांच्या घरात घुसलो. इव्हा कोपऱ्यात बसली होती. ओठ फाटला होता आणि तोंडातून रक्त गळून पोलक्यावर आलं होतं. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता. मार्कस पट्टा उगारून तिच्यासमोर उभा होता, पण मारत नव्हता. मान तिरपी करून तो ऐकत होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत, तिचे दोन्ही हात चेहऱ्यावर असताना, जमिनीवर पंजा आपटल्याचा आवाज झाला. लगेच मार्कसने पट्टा खाली आणला.

मी त्याला मागून कव घातली. तो रडत होता.

"माजा हात थांबत नाय रे, मधुकर," तो म्हणाला. "तिची पाळी झाली की परत माजी येते."

कुणाची पाळी, म्हणून मी विचारलं. इव्हाने चेहऱ्यावरचे हात काढले आणि मला घरी जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी ती थोडं बोलली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मार्कसने मुंगीदेखील मारली नव्हती. आता साऱ्या गावाचाच हात सुटला होता. पाण्याच्या वेळेवरून एका भावाने दुसऱ्याचा खांदा मोडला होता. एका सुनेने सासूचा हात चुलीत धरला होता, आणि दोघी संध्याकाळी शेजारी शेजारी बसून माळ जपत होत्या. दारं बंद करून घराघरात हेच चाललं होतं. बाहेर जो तो एकमेकांच्या तोंडावर हसत होता, कारण कुणी कुणाला जाब विचारायच्या लायकीचं उरलं नव्हतं.

४

रविवारी सगळं गाव देवळात होतं. गाण्याचे सूर येत होते, त्यात मार्कसचं फिडलही होतं. अंजनाबाई आमच्या मागच्या दाराशी आली. शुभाने तिला चहा दिला. तिने कप जमिनीवर ठेवला आणि त्याला तोंड लावलं नाही. तिचे पंजे मनगटापर्यंत लाल होते. मिरची एकदा चढली की हंगामभर उतरत नाही, असं तिने सांगितलं.

गेल्या वर्षापर्यंत कांडायला त्या चौघी होत्या. चौथी विमला, अंजनाबाईच्या दिराची सून. गेल्या हंगामात सायबिणीच्या गळ्यातली सोन्याची साखळी नाहीशी झाली. विमला दुपारी उन्हाने घेरी आली म्हणून देवळात टेकायला गेली होती, तेवढं पुरलं. पोलीस बोलवायचं कुणी नाव काढलं नाही, कारण पोलीस आले असते तर निम्म्या परसांतून हातभट्टी निघाली असती. गाव बॅप्टिस्टच्या अंगणात जमलं.

"बॅप्टिस्ट बोलला, एकानं मारला तर खून, गावानं मारला तर न्याव," अंजनाबाई म्हणाली. "मंग हात लावायचा ठरला. मसाल्यावानी. म्हातारी, पोरं, सगली. त्या कडंच्या हिंदूंचीबी. सुरवात आमी तिघींनी करायची, आमी तिला आनली म्हनून."

तुम्ही मारलंत, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता.

तिने स्वतःच्या पंजांकडे पाहिलं. "नाय लावला असता तर आमची पाली व्हती. आमी तिघींनी तीन घाव घातले, आनि मधी जागा सुटली. चौघींची सवय ना. त्या जागंत तिचा पंजा जमिनीवर आपटला. पडल्या पडल्या. मंग सगला गाव हात लावून जायचा, दर तिघांच्या मागं तिचा पंजा. शेवटपर्यंत तिनं तिची पाली चुकवली नाय."

बाकीचं अंजनाबाईने थोडक्यात सांगितलं. विमला गावी गेली अशी आवई उठवली आणि तिला खाणीच्या पाण्यात टाकलं. यंदा सणाआधी सायबिणीची मूर्ती धुवायला काढली, तेव्हा झग्याच्या चुणीत ती साखळी निघाली. फासा तुटून आत घसरली होती. त्यांनी फासा सांधून घेतला आणि साखळी परत गळ्यात घातली. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

मग यंदा परत का आलात, असं मी विचारलं. ती म्हणाली, बोलावणं आलं की पाय निघतात. गावाला तो घाव वाटून घ्यायला नवे हात लागतात, आणि तिघींना विमलाची जागा सोडायला लागते. ती उठली आणि शुभाच्या डोक्यावरून तिने आपला लाल पंजा फिरवला, पण टेकवला नाही.

"मी तुला मान हालवली व्हती, बाय," ती म्हणाली.

देवळातलं गाणं थांबलं तशी ती घाईघाईने निघून गेली. चहावर साय धरली होती.

५

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं नाही, अशी आपल्यात म्हण आहे. ज्याने ती केली त्याचं डोकं उखळात कधी गेलं नसावं.

पोलिसांत जावं तर सांगणार काय, घाव ऐकू आले म्हणून? नाहूरला माझ्या मावसभावाची एक खोली रिकामी होती. शुभाला इथून बाहेर काढायचं, मग पुढचं पुढे, एवढंच मी ठरवलं. माझं एरवीचं जे काही शहाणपण होतं ते आता तिच्या पोटाभोवती गोळा झालं होतं.

आम्ही सामान बांधायला लागलो. कॉन्सेप्टाबाईंनी दिलेली मसाल्याची बाटली शुभाने ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली. मी ती काढून बाहेर ठेवली. तिने परत आत ठेवली. अन्नाने काय पाप केलंय, असं काहीसं ती बोलली. तिचंही बरोबर होतं, माणूस भ्यालेला असला की असल्याच बारीकसारीक गोष्टी धरून बसतो.

माझा हात वर गेला. लग्न झाल्यापासून कधी गेला नव्हता. तो टेबलावर आदळला. पुन्हा आदळला. तिसऱ्या वेळी कडेची पेलेभांडी खाली पडली. प्रत्येक वेळी माझ्या छातीतून हं असा श्वास निघाला, आणि तो माझ्या कानांनी ऐकला. मग मी थांबलो. हात वर, मान तिरपी. मार्कस उभा होता तसाच.

चौथा आवाज टेबलाखालून आला.

मी वाकून पाहिलं नाही. शुभा दोन्ही हात पोटावर धरून दाराशी उभी होती. माझा पुढचा घाव टेबलावर पडणार नव्हता हे तिला कळलं होतं. मी स्वतःचं मनगट दातांत धरलं आणि रक्ताची चव येईपर्यंत चावलं. मग तो हात खाली आला. शुभा ट्रंकेपाशी गेली. तिने बाटली उचलून खिडकीबाहेर टाकून दिली.

६

सकाळी मी टांगा ठरवून आलो. टांगेवाला कुरसाच्या अलीकडेच थांबला, आत यायला तयार होईना. घरात शुभा नव्हती. ट्रंक उपडी केलेली होती आणि तिच्या साड्या जमिनीवर तुडवलेल्या होत्या.

बॅप्टिस्टच्या अंगणात गाव जमलं होतं. मधे उखळ होतं आणि उखळाशी शुभा गुडघ्यांवर बसली होती. कॉन्सेप्टाबाईंनी तिचं मनगट धरलं होतं, मायेने धरावं तसं, आणि दुसऱ्या हाताने त्या तिचे केस मागे सारत होत्या. अंजनाबाई, मंजुळा आणि रत्नप्रभा मुसळं घेऊन उभ्या होत्या. तिघी रडत होत्या. बाकीच्यांच्या हातात जे घरात सापडलं ते होतं.

मी धावत सुटलो तर चौघांनी मला धरलं. बॅप्टिस्ट पुढे आला. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, सायबिणीची साखळी पुन्हा नाहीशी झाली, आणि तुम्ही त्याच दिवशी सामान बांधलंत.

देवळाचं दार समोर सताड उघडं होतं. आत सायबीण दिसत होती आणि तिच्या गळ्यात साखळी होती. उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला होता. मी ओरडलो, तिकडे बघा म्हणून बोट दाखवलं. एकानेही मान वळवली नाही. मार्कस माझ्या बोटाकडे पाहत राहिला. तेव्हा मला कळून चुकलं की यांना आता मारायला साखळी खरंच जावीही लागत नाही.

"परक्या बाईला हात लावायला आमाला लाज वाटली असती," बॅप्टिस्ट म्हणाला. "पन तिनं मसाल्याला हात लावला. ती गावाची झाली."

त्याने ओटीवरचं ते चौथं मुसळ आणवलं. कड्याचं फडकं सोडलं. कडं काळं पडलं होतं आणि त्याला दोन-तीन लांब केस चिकटून वाळले होते. मुसळ त्याने माझ्या हातात दिलं आणि मला धरणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"नवऱ्याचा हात पयला," तो म्हणाला. "रीत हाय."

शुभाने वर माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझी भीती होती. त्या सगळ्या गावाची नव्हती, माझी होती. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी मुसळ उचललं आणि बॅप्टिस्टला मारलं. पहिला घाव गुडघ्यावर बसला, वाटी फुटल्याचं मी ऐकलं. दुसरा बरगड्यांवर. तो पालथा पडला तसा तिसरा पाठीच्या कण्यावर. प्रत्येक घावाला माझ्या छातीतून हं निघालं आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. मग मी थांबलो. मला थांबायचं नव्हतं. पण पाळी माझी नव्हती.

अंगणात कुणी हललं नाही. जागा सुटली होती. उखळाच्या पलीकडे, लोकांच्या पायांच्या मधे, मिरचीच्या धुळीतून एक पंजा वर उचलला गेला. मनगटापर्यंत लाल. मनगटाच्या मागे जे काही होतं ते माणसांच्या पायांनी झाकलेलं होतं, आणि त्या पायांपैकी एकही मागे सरला नाही. पंजा जमिनीवर आपटला.

या वेळी तो शुभानेही ऐकला. तिने झटकन आपलं पोट धरलं.

कॉन्सेप्टाबाईंनी तिचं मनगट सोडलं. कुणाच्या तरी हातातली काठी पडली, मग दुसऱ्याची. इव्हा कुंपणाशी जाऊन ओकायला लागली. मी शुभाला उठवलं आणि आम्ही त्यांच्या मधून चालत टांग्यापर्यंत गेलो. कुणी आडवं आलं नाही. उलट वाट करून दिली. बॅप्टिस्ट जिवंत आहे की नाही हे मी वळून पाहिलं नाही. पोलीस माझ्याकडे कधी आले नाहीत. त्या गावाला गप्प बसायची सवय होती, आता ती मलाही लागली.

७

नाहूरची खोली लहान होती, पण चहूबाजूंनी मोकळं रान होतं. मी पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचो. कावळे, लांबून जाणारी मालगाडी, शेजारणीचा पाटा. जे आवाज होते त्यांचे धनी दिसत होते. चौथा कुठे नव्हता. माझ्या तळहातांची आग मात्र जात नव्हती, तूप लावलं तरी.

शुभा हळूहळू सावरली. तिने परत माझ्या ताटात वाढताना हसायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, सुटलो.

एके दिवशी मार्कस मला शोधत स्टुडिओच्या फाटकाशी आला. अंगावर परीटघडीचे कपडे होते, चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता. त्याने सांगितलं की माहुलच्या तिघी घरी गेल्या. तुम्ही निघालात त्या दिवसापासून गावात कुणाचा हात उचलला गेला नाही. इव्हा बरी आहे. पोरं खेळतात. बॅप्टिस्ट खाटेवर आहे, तोही शांत झोपतो. आवाज बंद झाला.

"हलकं झालं," मार्कस म्हणाला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मान खाली घालून स्टेशनकडे निघून गेला. मी फाटकाशी उभा राहिलो. गेलं ते गेलं कुठे, हे मला त्याला विचारायचं होतं.

त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा शुभा चटईवर कुशीला झोपली होती. तिला नववा संपत आला होता. खिडकीतून ऊन येत होतं. मला पाहून ती हसली आणि तिने पदर बाजूला केला.

"अहो, इकडे या ना," ती म्हणाली. "हात लावा. बघा कसं लाथा मारतंय."

मी नको म्हणालो. तिने माझं मनगट धरलं, ज्यावर माझ्या दातांची खूण होती तेच, आणि माझा तळवा आपल्या पोटावर ठेवला. पोट ऊबदार आणि घट्ट होतं. आत काहीतरी हललं. एक लाथ. दुसरी. तिसरी. शुभा हसत होती, आणि मलाही हसू आलं, कारण मूल दणकट होतं आणि माझं होतं.

मग ते थांबलं. मी हात काढून घ्यायला हवा होता. माझी मान तिरपी झाली होती.

जरा उशिराने चौथा आला. आतून, चपटा, ओला. ती लाथ नव्हती. माझ्या तळव्याला पलीकडून एक तळवा लागला, बोटं पसरलेला, आणि तो मुलाच्या हाताएवढा नव्हता.

शुभाने हसत वर पाहिलं आणि तिचं हसू तिथेच राहिलं. माझा हात वर उचललेला होता. पाळी माझी होती.